कोब्याची ऊब

सहादू साळवे यादवला कितीसा ओळखत होता? गाडीवाल्याने "याला कुठल्या गावाला न्यायचं?" असं विचारलं, तेव्हा "पेठकडचा आहे" याच्यापुढे त्याला काही सांगता आलं नाही. माणूस आपल्या अंगणात राबला, आपल्या घरचा चहा प्याला आणि गावाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शेवटी ते भागीबाईने सांगितलं. ती यादवची बायको. तिचंही नाव सहादूला त्याच सकाळी कळलं.

एवढं मात्र माहीत होतं, की यादव मूळचा गवंडी नव्हता. घरचा भात कापून झाला की तो निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला यायचा. अलीकडे थापी हातात धरली होती. स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं काम म्हणजे चिमाजीच्या किराणा दुकानापुढचा ओटा. तो ऐन थंडीत ओतला आणि रात्री उघडा राहिला. वरचा थर कच्चा राहून त्याचे पोपडे सुटू लागले. चिमाजीने मिस्त्रीचं बारसंच करून टाकलं, पापडमिस्त्री.

सहादू एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, अबोल माणूस. अंगणातल्या चिखलात बायको, विमलाबाई, घसरून पडली, तेव्हा त्याने पुढच्या हिवाळ्यात कोबा करून घ्यायचं ठरवलं. काम यादवला दिलं, कारण तो आपणहून दारात आला होता. दुसऱ्या कुणाकडे जाऊन विचारायचं म्हणजे सहादूच्या जिवावर येई.

कोबा ओतला त्या दुपारी चिमाजी कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"काय पापडमिस्त्री, यंदा उडदाचे का नागलीचे?"

यादवने थापी थांबवली नाही. "यंदा निघला पापड तर थापी तुमच्या दुकानात ठेवून जाईन, शेट. जाईन परत बागेत."

"बागवाल्याने घ्यायला तर पाहिजे तुला!"

दोघेही हसले. चिमाजी गेल्यावर मात्र यादव खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे बिघडलं तर इकडं मला कुणी काम देनार नाय." विमलाबाईने आणलेला चहा तोवर गार होऊन गेला होता.

त्या आठवड्यात गोदाकाठी थंडीचा कडाका होता. अशा दिवसांत बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. ऊब वेलींमध्ये धरून राहते, मणी तडकत नाहीत. यादवने कित्येक हिवाळे तेच काम केलं होतं. द्राक्षं वाचतात तर सिमेंट का वाचू नये, असा त्याचा सरळ विचार. संध्याकाळी त्याने कोब्यावर बांबू उभे करून ताडपत्री ताणली, वारा शिरू नये म्हणून तिच्या कडा विटांनी दाबल्या आणि आत घमेल्यांत कोळसा पेटवला. बागेवर आभाळ मोकळं असतं, ताडपत्रीखाली नसतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सहादूच्याही आलं नाही. विस्तव विझू नये म्हणून यादव आतच, भिंतीकडेच्या मातीवर गोणपाट अंथरून झोपला.

सकाळी भागीबाई भाकरी घेऊन आली. ताडपत्री तिनेच उचलली. तो कुशीवर होता, चपला डोक्याशी विटेवर ठेवलेल्या. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या कोळशाचा वायू, झोपेतच गेला, त्याला कळलंही नसेल.

भागीबाईने आधी त्याला हलवलं, हाका मारल्या. मग बाजूच्या कोब्यावर हात ठेवून पाहिला.

"हे गरम हाय," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

कोबाही टिकला नाही. अजून त्याची पांढरी पूड निघते, विमलाबाईच्या पायांना लागून घरभर होते. बंद जागेतल्या धुरानं ताज्या सिमेंटचा वरचा थर मरतो, असं नंतर दुसऱ्या एका गवंड्याने सांगितलं. फोडून नवा करून देतो, असंही तो म्हणाला. सहादूने नको म्हटलं. चिमाजीच्या दुकानात कुणी पापडमिस्त्रीचा विषय काढला, की चिमाजी काही तरी शोधायला आत जातो.

यादवबद्दल कुणी विचारलं तर सहादूजवळ सांगण्यासारखं फारसं नाही. त्या संध्याकाळचं बोलणं तेवढं आहे. अंधार पडत होता, नदीकडून गार वारा सुटला होता. विमलाबाईने दिलेली जुनी चादर घेऊन सहादू अंगणात आला, तेव्हा यादव शेवटची वीट ठेवत होता.

"आमच्या केंद्राची चिमणी इकडं वळवता आली असती तर बरं झालं असतं," सहादू म्हणाला. तो क्वचितच थट्टा करी.

यादव हसला. "सकाळी लगेच पानी नका मारू, बाबा. लय गार असतं. ऊन अंगणात आलं का मारू."

"बरं. आणि चपला आत घे. कुत्रं पळवतं."

"घेतो, बाबा."