वत्सलाबाईंचा ठरलेला विरोधक

वत्सलाबाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती एका नारळामुळे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती; शिनोलीत माझी पिठाची गिरणी तेव्हाही होती. वाचनालयात जयंती आहे असं कानावर आलं, कुणा संताची असेल म्हणून नारळ घेऊन गेलो. पाहतो तर टेबलावर गोऱ्या साहेबाचा फोटो! ग्रंथपाल वत्सलाबाई सांगत होत्या, की हा दोनशे वर्षांपूर्वीचा विलायती लेखक. जन्मानं कुणी राजा होत नाही आणि आपल्या डोक्यानं विचार करायला कुणाची परवानगी लागत नाही, हे त्यानं साध्या माणसांच्या भाषेत लिहिलं. मी नारळ धरून उभाच.

"बाई, ह्यो मानूस देव मानत व्हता का?"

"देव मानत होता, मधले दलाल मानत नव्हता."

"मग नारळ फोडू का नको?"

"फोडा की. खोबरं पोरांना वाटा. आणि याचं काय पटलं नाही, ते पुढं येऊन सांगा."

मी भजनी मंडळातला माणूस. न पटलेलं पुष्कळ होतं, ते बोललो. बाईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दर जयंतीला विरोधाचं भाषण माझ्याकडं लागलं.

विरोध करायचा म्हणजे वाचणं आलं. बाई मराठीत उतारे काढून देत. लेखक धर्मावर बोलला की भांडावंसं वाटे. राजावर बोलला की मान आपोआप हले. घरी बायको विचारायची, "तुमी नक्की कुनाच्या बाजूचे?" मला आजही सांगता येत नाही.

बाईंचंही कोडं उलगडत नाही. त्या स्वतः देव मानत नाहीत. आमच्या मंडळींचं ऑपरेशन झालं तेव्हा घरच्या देवापुढचा दिवा बाईंनी रोज येऊन लावला. मी चकित झालो, तर म्हणाल्या, "त्यांचा जीव या दिव्यात अडकलाय. मला वात पेटवायला काय होतंय?"

पुढं काही तरुण मंडळींनी ग्रामसभेत विषय आणला, की परक्या देशातल्या नास्तिकाची जयंती गावच्या जागेत नको. आदल्या दिवशी ते गिरणीवर आले. "आबा, तुमी दरसाल इरोध करता. उद्या तुमीच बोला." मी होय म्हणालो.

सभेत उभा राहिलो. बाई समोरच होत्या, पण माझ्याकडं बघेनात. जयंती राहणार की जाणार, ते माझ्या बोलण्यावर होतं. काय बोलायचं ठरवलं होतं ते आठवेना.

"लई वर्सं मी ह्या साहेबाशी भांडतोय," मी म्हणालो. "माजं अजून संपलं न्हाई. जयंती बंद केली तर मी भांडायचं कुठं?"

सभा हसली. एक जण ओरडला, "आबा, तुमी आमच्याकडचे ना?"

"त्येच तर कळंना, राव!"

विषय तिथंच बारगळला. बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "भाषण फार आखूड झालं. मुद्दे राहिले."

आता बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात नुसती स्तुती नको, असा त्यांचा निरोप आहे. तर हा माझा विरोध: बाई गुडघ्याचं औषध वेळेवर घेत नाहीत. दुसरं, मी रोज पांडुरंगापाशी त्यांच्यासाठी आयुष्य मागतो. मागितल्यानं ते मिळतं का, मला ठाऊक नाही. मिळत नाही असं बाईंचं म्हणणं असेल, तर त्यांनी शंभरी ओलांडून, ठणठणीत पायांनी गिरणीवर येऊन ते मला पटवून द्यावं.