किसनराव फिटरचं इंजिन

धामणगाव रेल्वे या गावी कापसाच्या एका जिनिंगमध्ये किसनरावांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. हात सोन्याचा. तोंड मात्र असं, की दारचं कुत्रंही त्यांच्या हातची भाकरी घेताना विचार करायचं. बायकोनं, सुभद्राबाईनं, ते तोंड संसारभर ऐकलं आणि कधी ब्र काढला नाही. खोटं कशाला बोला, तिला त्याची सवयच झाली होती.

रिटायर झाल्यावर गड्यानं मागच्या खोलीत जुना लेथ बसवला आणि इंजिन करायला घेतलं. पूर्वी विहिरीवर दोन जड चाकांचं इंजिन असायचं ना, ठक ठक करत पाणी ओढणारं, तेच. पण डाळीच्या डब्याएवढं. शोभेचं नव्हे, पेट्रोल घातलं की फिरणारं. पिस्टन घरीच कातला, स्प्रिंगा घरीच वळल्या. अत्तराची रिकामी कुपी उलटी बसवून तिच्यातून सिलिंडरवर थेंब थेंब तेल पडेल अशी सोय केली. सुभद्राबाई उजेडासाठी बॅटरी धरून उभी राहायची. हात जरा हलला की शिवी.

अडलं ते चाकांवर. बाजारातलं पितळ भेसळीचं, ते किसनरावांना चालेना. अशात सुभद्राबाई भातकुलीला भावाच्या गावी लग्नाला गेली. परत येऊन पाहते तर पाण्याचा पितळी गुंड जागेवर नाही. तिच्या आईनं, जाईबाईनं, लोकांच्या वावरात कापूस वेचून तो गुंड लेकीला घेतला होता आणि भांडेवाल्याकडून त्यावर आपलं नाव कोरून घेतलं होतं. जाईबाईला वाचता येत नव्हतं. ती त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवायची. तिचा एक फोटोही कोणाकडे नव्हता. आई म्हणून सुभद्राबाईजवळ उरलं होतं ते एवढंच.

"माह्या मायचा गुंड कुठी हाय?"

"वितळवला," किसनराव म्हणाले. "पानी तं आता नळाचंच पेतं ना तू? मंग काहून रडून राहिली?"

त्या दिवशी ती जेवली नाही. किसनराव एक भाकर जास्तच जेवले.

इंजिन झकास चाललं. पाहायला आलेल्यांनी तोंडात बोटं घातली. चाकं फिरायला लागली की किसनराव म्हणायचे, "पाहा, आमची सासू कशी फिरून राहिली. जितेपनी काई कामाची नव्हती, आता कामाले लागली." माणसं पोट धरून हसायची. हसणाऱ्यांना चहा द्यायचा तो सुभद्राबाईनंच. संतापानं ती कपबश्या आदळून ठेवायची, आणि मेले त्यालाही हसायचे.

पुढं अमरावतीच्या एका कॉलेजनं इंजिन प्रदर्शनात मांडायला मागितलं. किसनरावांनी नवा सदरा शिवला, आपल्या नावाची पाटी इंजिनावर ठोकली आणि बायकोला सांगितलं, "आता अमरावतीलेही फिरवतो तुह्या मायले."

त्याच आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कान-डोळे तेवढे शाबूत राहिले. लेक नीलम अकोल्याहून धावत आली. तिनंच कॉलेजात फोन लावला, की इंजिन तरी घेऊन जा, बाबांना तेवढंच समाधान. उद्या गाडी पाठवतो, असं तिकडून उत्तर आलं.

सुभद्राबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. किसनरावांचा तो सासूचा विनोद आता गावभर झाला होता. अमरावतीतही कोणी ना कोणी सांगणारच, आणि तिच्या आईवर नवी माणसं हसणार.

"आई, एकडाव बाबाले चालवून दाखव ना," नीलम म्हणाली.

सुभद्राबाईनं इंजिन पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवलं. पेट्रोल घातलं. इंजिन थंड ठेवायचं पाणी मात्र घातलं नाही. तेलाची कुपी काढून ओतून टाकली, पदरानं आतून कोरडी केली, नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि जागेवर बसवली. मग चाकाला झटका दिला.

किसनराव घशातून ओरडायला लागले. डावा हात गादीवर आपटायला लागला.

"पाह्य, किती खूश झाले बाबा," नीलमचे डोळे भरून आले.

"हो. हासूनच राहिले," सुभद्राबाई म्हणाली, आणि तिनं त्यांचा तो हात घट्ट दाबून धरला.

ठेका जड झाला. आतून चरचर यायला लागली, खोलीत तापल्या लोखंडाचा वास भरला. चाकं अडखळली आणि थांबली. नीलमनं फिरवून पाहिलं, हलेचनात.

"काय झालं वं आई?"

"मले काय समजते त्यातलं?"

कॉलेजची गाडी आली तशी रिकामी गेली. नीलमही अकोल्याला परतली. आता सुभद्राबाई रोज सकाळी नवऱ्याला कुशीवर वळवते, तोंड बरोबर स्टुलावरच्या बंद इंजिनाकडे करते आणि पेज भरवायला बसते. किसनराव डोळे मिटून घेतात. ती चमचा हातात धरून थांबते. डोळे उघडले, की घास देते.