तो हॉर्न बंद करा!

आगीत शिरायची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायला लागली ती अग्निशमन केंद्राचा प्रमुख झाल्यापासून. फायरमन होतो तेव्हा समोर धूर आणि हातात पाण्याचा पाइप, एवढंच जग असे. देव आठवायलाही सवड नसे. आता माणसं आत धाडायची आणि आपण दाराबाहेर उभं राहायचं. माण गावचा म्हातोबा आमचं ग्रामदैवत, पण या उभं राहण्यात तो कुठे असतो हे मला उमगत नव्हतं. बायको म्हणायची, "आग इझती, तुमच्या जिवाचा घोर काय इझत न्हाई."

त्या दुपारी पिरंगुटला गाद्यांचं एक गोदाम पेटलं. एक कामगार सापडेना, म्हणून मी दत्ता आणि इरफानला आत पाठवलं. थोड्याच वेळात तो कामगार मागच्या टपरीवर चहा पिताना सापडला. हे दोघे मात्र वॉकीटॉकीवर उत्तर देईनात.

आमच्या गाडीचा भोंगा बंद करायला लावून मी वॉकीटॉकी कानाला लावली. नुसती खरखर. धूर इतका काळा की दार बाहेरूनही दिसेना. त्यांच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली असणार. आणखी दोघांना पाठवावं तर चार जीव टांगणीला, न पाठवावं तर हे दोघे हातचे जाणार. माझी घालमेल बाकीच्या पोरांना दिसू नये म्हणून कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. मनात म्हणालो, 'म्हातोबा, माझी अक्कल संपली. आता तूच त्यांना वाट दाखव.'

तेवढ्यात समोर पौड रस्त्यावर अडकलेल्या एका बसचा हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. वॉकीटॉकीतली खरखरही ऐकू येईना. मी रस्ता आवरणाऱ्या हवालदारावर खेकसलो, "आधी त्यो हॉर्न बंद करा!" तो धावला, पण वाहनांच्या गर्दीत अडकला. हॉर्न वाजतच राहिला आणि मी त्या ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो.

मग धुरातून दोघे रांगत बाहेर आले, इरफाननं दत्ताचा पट्टा घट्ट धरलेला. मास्क काढून दत्ता खोकत म्हणाला, "सायब, पाइप हातातनं सुटला व्हता. दार कुटं ते कळंना. हॉर्न ऐकला अन् आवाजाकडं सरकत आलो. तुमी वाजवत ऱ्हायला म्हून वाचलो."

"म्या न्हाई रं," एवढंच म्हणालो आणि सगळ्यांदेखत रडलो.

रस्ता मोकळा झाला तशी ती बस निघून गेली. हॉर्न अडकला होता की ड्रायव्हर वैतागला होता, कोण जाणे. पुढच्या रविवारी देवळात गेलो, पण काही मागवेना. अजूनही मी दाराबाहेर उभा राहतो तेव्हा छाती धडधडतेच. फक्त आता सगळं माझ्याच हातात आहे असं वाटत नाही. त्या दिवशी देवानं माझी प्रार्थना ऐकली आणि हुकूम मात्र ऐकला नाही, यासाठी मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.