वारा कोणी खायचा

वर्सोव्याचा अनंता तांडेल माझा सकाळच्या फेरीतला मित्र. आता त्याची बोट मुलगा चालवतो आणि अनंता किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसतो. तरुणपणी शिमग्याला कोळीवाड्यात वाळूवर धावण्याची शर्यत लागायची. ती तो वर्षानुवर्षं जिंकला. किती वेळात, ते त्यालाही ठाऊक नाही, कारण घड्याळ कोणी लावलंच नव्हतं.

त्याची रीत साधी होती. समोरच्याच्या पाठीआड राहायचं, समोरून येणारा समुद्राचा वारा त्याला छातीवर खाऊ द्यायचा, आपला दम राखायचा आणि अगदी शेवटी बाजूने पुढे निघायचं. नात हेमांगीलाही त्याने हेच शिकवलं. ती पाच हजार मीटर धावते. अंधेरीच्या मैदानावर तिला कोणी हरवलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

पण राज्य स्पर्धेच्या संघात जायला नुसतं जिंकून भागत नाही, पहिल्या दोघींत आणि तेही अठरा मिनिटांच्या आत यावं लागतं. सगळ्याच मुली एकमेकींच्या मागे राहायला बघायच्या. मग वेळ कुठून चांगली लागणार? गेल्या वर्षी हेमांगी पहिली आली आणि घरी बसली. यंदाची निवड तिच्या वयोगटातली शेवटची होती.

यावरून आम्हा म्हाताऱ्यांत वाद. मी टीव्हीवर मॅरेथॉन बघतो, म्हणून धीर करून म्हटलं, "सगळ्यात कमी वेळात धावला तो मोठा. घड्याळ कोणाची बाजू घेत नाही."

"घड्याळाला धाप लागते काय रे?" अनंता म्हणाला. "बाजूला जिता माणूस असतो, त्याला हरवायचं असतं."

"आणि बाजूचा दुबळा असला तर?"

"तुझ्या त्या विक्रमवाल्याच्या पुढे पगारी माणसं धावतात ना, वारा खायला? मग त्याचं एकट्याचं काय?"

मला तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या वाटत होत्या.

हेमांगी बाजूलाच बुटांच्या नाड्या बांधत होती. "तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "मला संघात जायचंय."

अनंताची सुई जाळ्यात थांबली. तो म्हणाला, "मग पुढे धाव, बाय. सुरुवातीपासून. कोणाच्या मागे राहू नको."

"हरले तर?"

"हरशील," तो म्हणाला. हे बोलणं त्याला जड गेलं असावं, कारण जाळ्याची घातलेली गाठ त्याने सोडून पुन्हा घातली.

निवडीच्या दिवशी ती पहिल्या फेरीपासून पुढे राहिली. बाकीच्या मागे पडल्या, फक्त मुलुंडची निधी तिच्या पाठीशी चिकटून होती. ही निधी दर वेळी हेमांगीकडून थोडक्यात हरायची. शेवटच्या वळणावर ती बाजूने बाहेर आली आणि पुढे निघून गेली. हेमांगी दुसरी आली. दोघींची वेळ अठराच्या आत होती. दोघी संघात गेल्या.

मला आनंद झाला, पण अनंताकडे बघून तो दाखवायला कचरलो. "माझीच रीत केली त्या पोरीने," तो म्हणाला. "चांगली केली." निधी जिंकली हे खरं, पण निधीची ती वेळसुद्धा हेमांगीच्या पायांनी काढलेली होती. हे कोणत्या रकान्यात लिहायचं, मला कळत नाही.

दोघी आमच्याकडे चालत आल्या. निधी जरा अवघडलेली होती. "सॉरी यार, सगळा वेळ तुझ्या मागेच होते. अठराच्या आत मी कधीच आले नव्हते."

"राज्याला अर्ध्या फेऱ्या तू पुढे राहायचं," हेमांगी म्हणाली. "फुकट नाही ओढणार तुला."

"आणि शेवटच्या फेरीत?" अनंताने विचारलं.

"तेव्हा कोण कोणाची नाही, आजा," ती म्हणाली. निधी हसली आणि तिने मान डोलावली.