दमलात का?

भरतकाकूंच्या नवऱ्याचं नाव भरत नव्हतं. काकू भरतकाम करायच्या म्हणून भरतकाकू, एवढंच. पण नवं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की हमखास काकांना “काय भरतराव” म्हणायचं आणि काकाही खुशाल “या, बसा” म्हणायचे. काकू तोंड दाबून हसायच्या.

“हसतेस काय? माझ्या धंद्यावरून नाव पडलं असतं तर तू पानाकाकू झाली असतीस.”

काका फिटर. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी दूर देशातल्या एका कापडाच्या कारखान्यात पाने फिरवत काढली. तो कारखाना मोडीत निघाला तेव्हा बाकीच्यांनी परतीच्या बॅगांत घड्याळं आणि अत्तरं भरली. यांनी भरतकामाचं एक जुनं मशीन आणि त्याला चालवणारा लॅपटॉप आणला. लॅपटॉपवर नक्षी उघडायची, मापं ठरवायची, वायरीतून मशीनला धाडायची, की सुया आपल्या आपण टाके घालत सुटायच्या. तोवर काकू हातानंच भरत होत्या. मशीनकडे बघून त्या म्हणाल्या, “मी जन्मभर एका सुईवर भागवलं. हिला बघा, नऊ आहेत. सवत आणलीत की काय?”

गाळा अरुंद होता. मशीन ठेवल्यावर माणसानं आडवं होऊनच आत जायचं. एका भिंतीला रिळांची फळी, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत लावलेली. मागे हात धुवायचं बेसिन. दारातल्या काउंटरवर शाळेचे बिल्ले, इस्पितळाचे कोट आणि हॉटेलांचे टॉवेल यांच्या थप्प्या.

अडचण एकच होती. लॅपटॉप त्या दूर देशाचा. त्यातलं अक्षर न् अक्षर तिकडचं.

“हे काय, पडद्यावर चिलटं मारून ठेवलीत का?” काकूंनी विचारलं.

“भाषा आहे ती.”

“येते तुम्हाला?”

“मग एवढी वर्षं तिथं काय गवत उपटत होतो?”

काकूंनी विश्वास ठेवला. न ठेवायला कारण नव्हतं. पण शिकायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. या वयात आणखी एक बाराखडी नको म्हणाल्या. तेव्हा काकांनी शक्कल काढली. प्रत्येक बटणावरच्या पहिल्या अक्षराचा आकार बघून त्याला नाव ठेवलं. एक छत्री. एक लंगडा. एक खुर्चीवरची म्हातारी. आणि एकमेकींकडे पाठ करून उभी असलेली दोन अक्षरं, त्या दोन जावा.

मग दुकानात असं बोलणं चालायचं:

“आधी छत्री उघड. आता तो लंगडा दिसतो ना, त्याला धर.”

“लंगडा आज जागचा हलत नाही हो.”

“मग म्हातारीला सांग. पण जावांच्या मध्ये पडू नकोस, सगळं उसवून ठेवतात.”

शाळेचे बिल्ले न्यायला आलेल्या एक बाई हे ऐकून दारातच थबकल्या. “घरात काही चाललं असेल तर मी नंतर येते,” म्हणाल्या.

ओळीच्या ओळी यायच्या त्यांचा अर्थ काका सांगत. सकाळी सुरू करताना लॅपटॉप म्हणतो, ‘या बाई, बसा.’ कधी तो मधेच काम थांबवून एक गोल फिरवत बसायचा, तेव्हा म्हणतो, ‘आंघोळ करतोय, दार वाजवू नका.’ आणि संध्याकाळी नक्षी बंद करायला गेलं की मधोमध एक चौकट यायची, तिच्यात एक ओळ आणि खाली दोन बटणं.

“ही काय म्हणते?”

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. “विचारतंय, ‘दमलात का?’”

“कुणाला, मला?”

“मशीनवर तू बसतेस, मला कशाला विचारेल?”

“बघा, यंत्र असून अहोजाहो करतं. शिका जरा. काय सांगू त्याला?”

“पहिलं बटण म्हणजे ‘हो, दमले’. दुसरं म्हणजे ‘नाही, अजून जोर आहे’. दुसरं कधी दाबायचं नाही.”

“का? नसले दमले तर?”

“दिवसभर एवढं काम करून माणूस दमला नाही म्हणतो, म्हणजे खोटं बोलतो. मग ते रागावतं.”

काकूंनी एकदा दाबलंच. एका हॉटेलाच्या टॉवेलांवर भरायचं हंसाचं चिन्ह त्यांनी दुपारभर बसून जमवलं होतं. मान सुरेख वळली होती आणि अंगात उत्साह मावत नव्हता. संध्याकाळी चौकट आली. काकू ठसक्यात म्हणाल्या, “नाही दमले जा,” आणि दुसरं बटण दाबलं. सकाळी उघडून बघतात तर हंसाला मानच नाही.

काका पोट धरून हसले. “सांगितलं नव्हतं? त्याच्याशी खोटं चालत नाही.” मग दोघांनी मिळून मान पुन्हा बसवली. पहिल्याइतकी ती वळली नाही. हॉटेलवाल्याला कळलं नाही. काकूंना मात्र तो टॉवेल दिसला की कळायचं.

त्यानंतर रोज संध्याकाळी पहिलं बटण. ते दाबताना काकू मोठ्यानं म्हणायच्या, “हो बाबा, दमले.” की काका उठून शटर ओढायला लागायचे. दुकान बंद करायची ती वेळ होती. घड्याळ बघायची गरज पडत नसे.

काका गेले ते तिथंच, बेसिनपाशी, हाताचं ग्रीस धुता धुता. नळ चालू राहिला होता. काकूंना वाटलं, घासताहेत अजून.

चार माणसं आली, बसली, जेवलीस का, झोपलीस का विचारत राहिली. मग ज्याच्या त्याच्या पायाला चाकं. विचारणं विरळ होत होत थांबलं. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. ती फोन करायची, पण तिच्या फोनवर कायम कुणीतरी दुसरं ताटकळत असायचं. संध्याकाळी चौकट मात्र न चुकता यायची. काकू तिच्याकडे बघायच्या, पहिल्या बटणावर बोट न्यायच्या आणि म्हणायच्या, “हो बाबा, दमले.” मग स्वतःच उठून शटर ओढायच्या.

शेजारच्या गाळ्यात मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करणारा होता. गल्ली त्याला चार्जर म्हणायची, कारण कुणाकडेही आला की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि लवकर निघायचा नाही. लॅपटॉप सारखा अडायला लागला, एक दिवस सुरूच होईना, तेव्हा काकूंनी तो त्याच्या पुढ्यात ठेवला.

“काकू, आतली सिस्टिम पार सडली आहे,” तो म्हणाला. “तुमच्या नक्ष्या काढून ठेवतो, त्यांची काळजी नको. पण सिस्टिम पुसून नवी टाकावी लागेल. कोणत्या भाषेत टाकू?”

“भाषा निवडता येते?”

“हल्ली सगळ्या मिळतात. मराठीपण आहे. तुमचा भरतकामाचा प्रोग्रॅमही तीच भाषा बोलेल.”

लेक त्याच वेळी सुट्टी काढून आली होती. ती लगेच म्हणाली, “मराठीच टाका. आई, किती वर्षं त्या लंगड्या-पांगळ्यांत अडकून राहणारेस? वाचून काम कर की आता.”

काकू रिळाचं सुटलेलं टोक चिमटीत धरून उभ्या राहिल्या. मग हळूच चार्जरला विचारलं, “म्हणजे ते जे जे विचारतं, ते मला मराठीत विचारेल?”

“सगळं मराठीत.”

“मला वाचता येईल?”

“तुम्हालाच काय, रस्त्यानं जाणाऱ्यालाही येईल.”

काकूंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी हललं. “टाक मग,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप परत आला. चार्जर भिंतीला चिकटला, लेक काउंटरवर बसली. पडदा उजळला: ‘स्वागत आहे.’

“बघ!” काकू लेकीला म्हणाल्या. “‘या बाई, बसा’च म्हणतंय की नाही? बरोबर सांगायचे ते.”

छत्रीच्या जागी ‘उघडा’ आलं होतं. लंगड्याच्या जागी ‘पाठवा’. जावांची झाली होती ‘विभागणी’. त्यावर काकू इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. “जावा म्हटल्यावर वाटण्या आल्याच!” दुपारी गोल फिरायला लागला आणि खाली आलं, ‘कृपया प्रतीक्षा करा, संगणक बंद करू नका.’ “हे आंघोळीचं,” त्यांनी लेकीला समजावलं. “जरा सभ्य शब्दांत सांगतंय.”

दिवसभर इस्पितळाच्या कोटांवर डॉक्टरांची नावं भरली. ओळखीची बटणं नव्या कपड्यांत असल्यासारखी वाटत होती, चुका होत होत्या, पण काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. उन्हं उतरली तशा त्या बेसिनपाशी गेल्या, तोंड धुतलं, केस सारखे केले. चार्जर कसं चाललंय बघायला पुन्हा आला होता. काकू लॅपटॉपसमोर बसल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि नक्षी बंद करायचं बटण दाबलं.

चौकट आली.

‘बदल जतन करायचे आहेत का?’

खाली दोन बटणं. ‘जतन करा.’ ‘जतन करू नका.’

काकूंनी ओळ ओठांनी वाचली. मग मोठ्यानं. “हे दुसरंच काहीतरी आलं,” त्या म्हणाल्या. “ते याच्यानंतर येतं का?”

“कोणतं, काकू?”

“संध्याकाळचं. ‘दमलात का’ विचारतं ते.”

चार्जर हसायच्या बेतात होता. “लॅपटॉप कशाला असं...” लेकीनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्यानं गिळलं.

“बंद करताना हीच चौकट येते, काकू,” तो हळू म्हणाला. “आधीही हीच यायची. भाषा बदलली, बाकी तेच आहे.”

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. “पण यात मी कुठंय?” त्यांनी विचारलं. “‘जतन करायचे आहेत का.’ कुणी करायचे? विचारतंय कुणाला हे?”

“कुणाला असं नाही. जो समोर असेल त्याला.”

मशीनचा पंखा तेवढा घुमत होता. काकूंनी लेकीकडे न बघता विचारलं, “तुझ्या बाबांना यायची ना गं ती भाषा?”

लेक काउंटरवरून उतरली. “आकडे यायचे,” ती म्हणाली. “आणि शिव्या. बाकी तिकडे दुकानात बोट दाखवून सामान घ्यायचे. फोनवर हसत सांगायचे मला, आणि म्हणायचे, आईला बोलू नकोस, तिला वाटतं मी पंडित आहे.”

“म्हणजे ते दमलात का...”

“बाबाच, आई.”

काकूंनी मान हलवली, एखाद्या कोटाचं माप लक्षात ठेवावं तशी. मग म्हणाल्या, “विचारायचे ते. आणि मी उत्तर द्यायची त्या डब्याला. त्यांच्याकडे वळून एकदाही सांगितलं नाही.”

चार्जरला उभं राहवेना. “काकू, जुनी भाषा मिळते. परत टाकून देतो, काही अवघड नाही. सगळं होतं तसं.”

“नको.”

“अहो, खरंच...”

“नको रे. आता वाचलं ना मी.”

लेकीनं पुढं होऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. “आई, दमलीस का?”

काकूंनी तो हात काढला नाही, पण मानही वळवली नाही. “तू नको विचारूस,” त्या म्हणाल्या, आणि ‘जतन करा’ दाबलं. तोंडानं काही बोलल्या नाहीत.

लेकीची सुट्टी संपली, ती गेली. काकूंचं काम आता झपाट्यानं होतं. वाचून करतात, चुका नाहीत, बिल्ले वेळेआधी तयार. जावांचं नाव दुकानात कुणी काढत नाही. नवं गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, “भरतराव नाहीत का?” काकू “नाहीत” म्हणतात आणि माप घेतात.

फक्त दुकान बंद व्हायची वेळ हरवली आहे. गल्लीतली शटरं एकेक करून खाली येतात, चार्जर आपला गाळा बंद करतो, किल्ली खिशात टाकतो आणि काकूंच्या दारात भिंतीला चिकटतो. आत नऊ सुया चालू असतात.

“काकू, पुरे की आता. बंद नाही करायचं?”

“आत्ता?” काकू मान वर न करता म्हणतात. “अजून कुठं कुणी विचारलंय?”