बंदूकवाले काका आणि दसऱ्याचा बार

माझे वडील मिरजेत एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर होते. तडा गेलेलं चाक मालकानं बदललं नाही. "चालतंय, काही होत नाही" म्हणाला. ते फुटलं आणि वडिलांची दोन बोटं गेली, कामही गेलं. मग आईनं खानावळीत चपात्या लाटल्या आणि त्या चपात्यांवर मी इंजिनियर झालो. घरातला पहिला पदवीधर. ब्राउनश्वाइगला डॉक्टरेट करायला आलो तोही हाच विषय घेऊन: धातूला तडा कसा जातो.

तिथं बंदूकवाले काका भेटले. मूळ साताऱ्याचे, तीस वर्षं जर्मनीत. हा माणूस बसून चहा प्यायलेला मी कधी पाहिला नाही. कप हातात घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी. त्यांच्या जर्मन बायकोला, हेल्गाकाकूंना, मराठी मोजकंच येई, पण "अहो, बसा ना!" एवढं अगदी सराईत. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत काका आणखी एक फेरी मारत.

तळघरातल्या पोलादी कपाटात त्यांच्या सहा जुन्या लष्करी बंदुका होत्या. सगळ्यांत लाडकी काकूंच्या पणजोबांची. शूत्सेनफेराइनमधले, म्हणजे गावच्या नेमबाजी मंडळातले म्हातारे सांगत, असल्या वस्तू जपाव्यात, उडवू नयेत. काका उसळत. "घोडा तबेल्यात बांधून ठेवला की त्याचं गाढव होतं. बंदुकीला वर्षातून एकदा खोकू द्यावं, नाहीतर तिची छाती भरते." दर दसऱ्याला शस्त्रपूजा: गंध, झेंडू, आणि नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्या बंदुकांवर. मग पुढच्या रविवारी मंडळाच्या रेंजवर पणजोबांच्या बंदुकीचा एक बार.

त्या वर्षी पूजा झाली आणि काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. जर्मनमध्ये म्हणाल्या, "एवढ्या जुन्या बंदुकीला गाल टेकवून बार उडवतात. माझं ऐकत नाहीत. तू तपास."

काका खो खो हसले. "तपास की! डॉक्टर व्हायच्या आधीच पेशंट मिळाला तुला."

प्रोफेसरांना विचारून मी इन्स्टिट्यूटमधून तडा शोधायच्या रंगाच्या बाटल्या आणल्या. बंदूक वरून आरशासारखी होती. लाकूड सोडवलं तर त्याखाली झाकलेल्या नळीवर गंजाचे खड्डे. गंज साफ केला, लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. काका पायऱ्यांवरून वर-खाली करत होते. थोड्या वेळानं पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. नळीच्या मागच्या टोकाला, जिथं दारू पेटते तिथंच.

"रविवारी हिला न्यायचं नाही, काका."

"अरे, गेल्या वर्षी उडाली की! दारू कमी भरतो. काही होत नाही."

माझा आवाज चढला. "माझ्या बापालाही हेच सांगितलं होतं!"

काका थांबले. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदाच उभ्या जागी स्थिर पाहिलं. मग त्यांनी खड्ड्यांवरून बोट फिरवलं. "पण तेल तर मी दरवेळी देतो. गंजली कशानं?"

सांगणं जिवावर आलं होतं. "नारळाच्या पाण्यानं. लाकडाखाली झिरपतं, तिथं तुमचं तेल पोचत नाही."

"म्हणजे वीस वर्षं मी पूजा करत होतो आणि हिला खात होतो," काका म्हणाले. पुन्हा चालू लागले. जरा वेळानं चिडून म्हणाले, "मग काय, भिंतीवर लटकवू? मेलेल्या हरणाच्या मुंडक्यासारखी?"

"बाकीच्या पाच तपासून उडवा, मी नको म्हणणार नाही. ही मात्र नाही."

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. माणसाचा भरवसा नव्हता. काका कोट घालून बाहेर आले, हात रिकामे. "चल," म्हणाले, "आज दुसऱ्यांचे बार ऐकू." रेंजवर प्रत्येक आवाजाला त्यांचा उजवा खांदा नकळत मागे जात होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी डॉक्टर झालो. काही वर्षांनी काका हृदयविकारानं गेले. काकूंनी बंदूक गावच्या संग्रहालयाला दिली. त्या दसऱ्यानंतर ती कुणीही उडवली नाही.