मोरू तांडेलाचा एकच पासवर्ड

मांडवीच्या मोरू तांडेलाने पस्तीस वर्षं होडी हाकली. सुरमई हमखास लागते अशी एक जागा त्याला ठाऊक होती. किनाऱ्यावरच्या कुठल्या खुणा एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं, हे त्याने खलाशांनाही उमगू दिलं नाही. तिकडे जाताना तो मुद्दाम वळसे घालायचा.

गुडघे गेले तशी त्याने होडी विकली आणि मोबाइल हाती घेतला. वीजबिल, रेल्वेचं तिकीट, ईमेल, फेसबुक, सगळीकडे एकच पासवर्ड : होडीचं नाव आणि पुढे तिचा नंबर. दोन्ही होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हातभर अक्षरांत रंगवलेली होती, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मुंबईहून पुतण्या विनोद दारात येऊन उभा राहिला. तोंड सुकलेलं, हातात नुसती पिशवी. मोरू पडवीत जाळं सांधत होता.

"काका, तुम्ही दवाखान्यात होता ना?"

"कोण म्हणतो? धडधाकट हाय मी."

विनोदने फोन पुढे केला. मोरूच्याच ईमेलवरून आलेलं पत्र : छातीत कळ आली आहे, ऑपरेशन आहे, ताबडतोब मदत पाठव. विनोदने रात्रीच फोन लावून पाहिला होता. पण मोरू दिवेलागणीलाच फोन बंद करून ठेवतो. मग मदत न पाठवता तो स्वतःच गाडीत बसला होता.

तेच पत्र ओळखीच्या सगळ्यांना गेलं होतं. दुपारपर्यंत माणसं चौकशीला येत राहिली आणि मोरूची बायको गोदा चहा करत राहिली. प्रत्येकाला तेच सांगताना मोरूची मान खाली जात होती.

"कुठल्या तरी दुकानाच्या साइटवरून तुमचा पासवर्ड फुटला असणार," विनोद म्हणाला. "एक मिळाला की सगळी दारं उघडी."

त्याने मोबाइलवर पासवर्ड मॅनेजर घातला. प्रत्येक ठिकाणासाठी हा मॅनेजर वेगळा, लांबलचक पासवर्ड बनवतो, सांभाळतो आणि त्या-त्या पानावर स्वतःच भरतो.

"म्हणजे सगळ्या किल्ल्या एकाच डब्यात? डबाच नेला कुणी तर?"

"डब्याला कुलूप आहे, काका. त्याची किल्ली तुमच्या डोक्यात. ती कंपनीलाही ठाऊक नसते. म्हणून विसरलात तर तेही काही करू शकत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. आणि मला सांगू नका."

विनोदकडे पाठ करून मोरूने एका बोटाने अक्षरं दाबली : त्या सुरमईच्या जागेच्या खुणा, ओळीने.

"आता एका कागदावर लिहून घरात जपून ठेवा," विनोद म्हणाला.

त्या खुणा मोरूने जन्मात कधी लिहिल्या नव्हत्या. त्याने लिहिल्या, कागदाची घडी केली आणि गोदाच्या हातात दिली. तिने ती उघडून वाचली.

"इथं व्हय ती जागा!" ती म्हणाली. त्या जागेची सुरमई तिने आयुष्यभर बाजारात विकली होती. कागद तिने लोखंडी पेटीत टाकला आणि भाताला आधण ठेवायला गेली.

एकेक करत पासवर्ड बदलायला तीन दिवस लागले. ईमेल परत मिळालं. फेसबुक मात्र गेलं ते गेलंच. खलाशांनी काढलेले होडीवरचे सगळे फोटो त्यात होते.

शिमग्याच्या आधी मोरूला मेसेज आला : बिल थकलं आहे, आज वीज तोडू. त्याने लिंक दाबली. पान नेहमीचंच दिसत होतं, पण मॅनेजर पासवर्ड भरेना. दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. वैतागून त्याने विनोदला फोन लावला.

"तुझा डबा बिघडला रं!"

"काका, वरचा पत्ता वाचा. एकेक अक्षर."

मोरूने वाचलं. एक अक्षर जास्तीचं होतं. डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. मॅनेजरला तो पत्ता ओळखीचा वाटला नव्हता. मोरूने ते बनावट पान बंद केलं.

संध्याकाळी धक्क्यावर त्याला जुना सोबती केरू भेटला.

"केरू, तुझा पासवर्ड काय रं?"

"नातीचं नाव, आरोही. म्होरं एक-दोन-तीन," केरू मोठ्याने म्हणाला. शेजारी चौघं बसली होती.

मोरूने त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्यालाही डबा बसवून द्यायला आपल्या घरी नेलं.